नोंगखायच्या पुलापर्यंत

एका दिवसासाठी नदीपलीकडे जाऊन यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. थायलंडमधल्या आमच्या उदोनहून नोंगखायचा पूल तासाभरावर. पूल ओलांडला की लाओस, आणि तिथून विएंतियान अर्ध्या तासावर. आमच्या गल्लीतली माणसं तिकडे जेवायला जातात आणि दुपारच्या झोपेला घरी येतात. मला तयारीला सात आठवडे लागले. (मी विद्यापीठात बत्तीस वर्षं संभाव्यताशास्त्र शिकवलं. काय काय बिघडू शकतं हे मोजण्यातच माझं आयुष्य गेलं.)

कारण होती बुआकेओ. माझी बायको लमुन हिची हॉस्टेलमधली मैत्रीण, विएंतियानला राहणारी. ती शनिवारी मुलाकडे फ्रान्सला कायमची जाणार होती. आमच्या लग्नात याच बाईने माझ्या देखत लमुनला सांगितलं होतं, "माणूस चांगला आहे, पण हा तुला नकाशावरच फिरवील." त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. दरवर्षी ती जेवायला बोलवायची आणि दरवर्षी माझी तयारी अपुरी पडायची. आता एकच शुक्रवार उरला होता. त्या दिवशी दुपारी बारा वाजता तिच्या ओसरीत बसून तिच्या हातचा लाप, म्हणजे मासळीचा तिखट खिमा, खायचा आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, "काय म्हणत होतीस तू त्या दिवशी?" यापलीकडे आयुष्यात माझी काही इच्छा उरली नव्हती.

आधी वाटलं, आपली गाडी न्यावी. पण पलीकडे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात. म्हणून मी तीन दिवस शाळेच्या मैदानावर उजवीकडून चालवायचा सराव केला. चौथ्या दिवशी सराव इतका अंगवळणी पडला, की आमच्याच बाजारात उजवीकडून शिरलो. पपईचं सॅलड विकणारी बाई मुसळ हातात घेऊनच रस्त्यावर आली. मग मिनीबसने जायचं ठरलं.

त्यानंतर फाइल. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती आणि प्रत्येक प्रतीवर 'मूळ कागदाबरहुकूम' असं लिहून सही. आमच्याकडे सही केलेल्या प्रतीशिवाय सरकारी खिडकीला तोंड दाखवायची पद्धत नाही. लमुन म्हणाली, "अहो, तिथे नुसता पासपोर्ट बघतात."

"आणि नाही बघितला तर?"

"नाही बघितला तर आपण पलीकडे जातो."

एवढं करूनही मला झोप येईना. अशात एका सकाळी लमुनबरोबर विहारात गेलो. ती भिक्खूंना भात वाढत होती. म्हातारे भंते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "जन्म बुधवारचा ना? आणि नाव विचियन? बुधवारच्या माणसाला नावात 'च' हे अक्षर सोसत नाही. प्रवासात तर नाहीच."

आता इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. लमुनने आजवर दोनदा नाव बदललंय. आमच्याकडे दर दुसरा माणूस बदलतो, त्यात विशेष काही नाही. पण दोन्ही वेळा मी तिला योगायोग म्हणजे काय यावर चाळीस मिनिटं समजावून सांगितलं होतं. (दुसऱ्यांदा फळ्यावर.) त्यामुळे दुसऱ्या दिवशी 'लायब्ररीत जातो' असं सांगून मी एकटाच तालुक्याच्या कचेरीत गेलो.

खिडकीतली बाई माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. "आजान, तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली. (आजान म्हणजे सर.) तिने सगळ्या सहकाऱ्यांना बोलावून मी तिचा शिक्षक असल्याचं सांगितलं. तासाभरात माझं नाव नरावित झालं. नवं ओळखपत्रही मिळालं. पासपोर्ट जुन्या नावाचाच होता. पण तो अजून तीन वर्षं चालणार होता, आणि त्या रात्री मला फार छान झोप लागली.

शुक्रवारी साडेदहाला आम्ही पुलाच्या अलीकडच्या तपासणीच्या खिडकीशी पोहोचलो. लमुनने पासपोर्ट सरकवला. शिक्का बसला, ती पुढे गेली. मग मी. मी पासपोर्ट दिला आणि त्यावर ती सगळी फाइल ठेवली.

"हे कशाला?" अधिकारी म्हणाला.

"असू दे. पूर्ण आहे."

त्याने ती परत केली असती. पण वरच्या प्रतीवर त्याची नजर गेली. सर्वांत ताजा कागद सर्वांत वर, हा माझा बत्तीस वर्षांचा नियम.

"काका, पासपोर्टवर विचियन. हे नरावित कोण?"

"तो मीच." मी शक्य तितक्या हळू म्हणालो.

"कोण नरावित?" लमुनने पलीकडून विचारलं.

"आणि खाली सही विचियनची," अधिकारी म्हणाला. "म्हणजे नरावितच्या ओळखपत्राची प्रत खरी आहे असं विचियन सांगतोय. पण विचियन तर आता नाहीच." त्याने नाव बदलल्याचा दाखला वर उचलला. तोही मी तीन प्रतींत जोडला होता.

लमुनने तारीख वाचली. "हा तर तुमचा लायब्ररीचा दिवस."

मी फाइलच्या दोऱ्या बांधत राहिलो.

"मला चाळीस मिनिटं फळ्यासमोर बसवलं होतंत," ती म्हणाली. पण ती हसत होती, आणि मला ते रागावण्यापेक्षा कठीण गेलं.

अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, "या पासपोर्टवर आता नाही सोडता येणार. पण समोरच्या कचेरीत ओळखपत्र दाखवून एका दिवसाचा पास मिळतो. शुक्रवारी बारापर्यंतच असतात हं ते."

"तू थांब," मी लमुनला म्हणालो. "दोघं मिळून जाऊ."

"माझा शिक्का बसलाय. आणि ती तिकडे सकाळपासून मासे साफ करतेय. मी पुढे जाते, तुम्ही या मागून." ती दोन पावलं गेली आणि वळली. "नक्की या. तिने तुमच्यासाठी तिखट कमी केलंय."

सव्वाअकराला मी अर्ज दिला. ओळखपत्र पाहून कारकुनाने फोटो काढला आणि सांगितलं, "तिकडे बसा. नाव पुकारलं की येऊन सही करायची."

हॉल भरलेला होता. माझ्या शेजारी एक बाई टोपलीभर चिकट भात घेऊन बसल्या होत्या. त्या दर आठवड्याला लेकीकडे पलीकडे जातात. त्यांच्या हातात फक्त एक ओळखपत्र होतं, रुमालात गुंडाळलेलं. मी त्यांना कागदपत्रं कशी लावावीत ते समजावून सांगितलं. पुढे कोणी नरावित नावाचा इसम होता, त्याला कारकून सारखा पुकारत होता.

"झोपला की काय मेला," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचा खोळंबा."

"लोक तयारीच करून येत नाहीत," मी म्हणालो.

पुन्हा पुकारा झाला. पुन्हा कोणी उठेना. बाईंचं नाव आलं, त्या सही करून गेल्या, तरी नरावितचा पत्ता नाही. तेवढ्यात लमुनचा फोन. "कुठे आहात? आम्ही पानं मांडलीत."

"अजून माझं नाव पुकारलं नाही. एक महाभाग आहे, त्याच्यापायी सगळं अडलंय."

मागून बुआकेओचं हसणं ऐकू आलं. ती काहीतरी बोलली, ते लमुनने मला सांगितलं नाही.

आता मात्र माझा धीर सुटला. मी आयुष्यात कधी सरकारी कचेरीत आवाज चढवला नव्हता. पण मी जागेवरूनच हात वर केला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणालो, "अहो, तो बेजबाबदार माणूस काही येत नाही. त्याचा कागद बाजूला काढा आणि पुढचं घ्या." दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. फार बरं वाटलं.

बारा वाजले. हॉल रिकामा झाला. कारकून खिडकी ओढून घेऊ लागला, तसा मी धावलो.

"माझा पास?"

"नाव?"

"विचियन."

त्याने यादीवरून बोट फिरवलं. "असं कोणी नाही. सगळे पास गेले. एक तेवढा रद्द झाला." त्याने तो पास माझ्यापुढे धरला. त्यावर रेघ मारलेली होती. रेघेखालच्या फोटोतला माणूस मला चांगला ओळखीचा होता.

"रद्द कशाला केलात?" मी विचारलं. "थोडं थांबायचं होतं."

"सहा वेळा पुकारलं, आजोबा. मी थांबणार होतो. पण हॉलमधलेच एक गृहस्थ हात वर करून म्हणाले, बेजबाबदार माणूस आहे, येत नाही." त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि मला नीट पाहिलं. "तुम्हीच ना ते?"

"हो," मी म्हणालो. "दोघेही."