दाराचा प्रमाणित आवाज

ऑस्टरमार्क या परदेशी मोटार कंपनीच्या नाशिकमधल्या उपकंपनीला यंदा पंचवीस वर्षं झाली. त्यानिमित्त तिचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मी भौतिकशास्त्राची पदवीधर असल्यामुळे इतिहासातले आकडे चुकणार नाहीत, असं मनुष्यबळ विभागाचं मत पडलं.

आकडे असे. पंचवीस वर्षांत नाशिकजवळच्या गोंदे गावातल्या एकाच शेडमध्ये नऊ कंपन्या झाल्या. स्थानिक भागीदार बदलला, की संध्याकाळी जुनी कंपनी संपे आणि सकाळी नव्या नावाची जन्माला येई. मशीन, कँटीन आणि कँटीनमधली मटकी तीच राही. पहिल्या आठ कंपन्या प्रत्येकी दोन वर्षं अकरा महिने जगल्या. नववी सध्या वीस महिन्यांची आहे. कामगाराचं प्रशिक्षण तीन वर्षांचं असतं, ते पूर्ण झाल्यावरच तो कायम होतो आणि नव्या कंपनीत ते पहिल्यापासून सुरू होतं. या गोष्टीचा वरील आकड्यांशी संबंध जोडू नये, असं मला लेखी कळवण्यात आलं.

दारं बसवण्याच्या विभागात गोटीराम भेटले. राहणार घोटीजवळ, वय सत्तावन्न, डोक्यावर प्रशिक्षणार्थ्याची पिवळी टोपी. दार बसवलं की ते बिजागरीवर तळहाताची थाप मारत, दार लावत, डोळे मिटून ऐकत आणि मगच पुढच्या गाडीकडे वळत.

"किती वर्षं झाली, भाऊ?"

"पहिल्या गाडीपासून हाय, ताई. पंचवीस वर्सं शिकतोय. डोकं जरा मंद हाय आमचं."

शेजारी दुसरी पिवळी टोपी हसली. तो नवनाथ. "आन आम्हाला शिकवतात हेच. मास्तरच पंचवीस वर्सं नापास, मग पोरांचं काय व्हायचं?"

गोटीरामांना दिवाळीत अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. त्याआधी ते कायम झाले, तर निवृत्तीनंतरही घरच्यांना कंपनीचं दवाखान्याचं कार्ड मिळणार होतं. त्यांच्या पत्नीच्या, भागीबाईंच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन त्या कार्डावाचून अडलं होतं.

"बसली की उठता येत नाय, उठली की बसता येत नाय," ते म्हणाले. "मग उभ्या उभ्याच भांडती माझ्याशी."

पहिल्या प्रकरणात मी कंपनीची वाटचाल पंचवीस वर्षं अखंड असल्याचं लिहिलं. मनुष्यबळ विभागाचे प्रमुख हर्षलसर खूश झाले. दुसऱ्या प्रकरणात, त्याच न्यायाने गोटीरामांची नोकरीही अखंड आहे, असं लिहिलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, कंपनी अखंड आहे. गोटीराम वीस महिन्यांपूर्वी लागलेत."

"पण शेड तर तीच आहे ना, सर?"

"शेडला आपण कामावर घेतलेलं नाही."

तरी माणूस दयाळू. गोटीरामांची अंतिम परीक्षा खास बाब म्हणून आधीच घ्यायचं त्यांनी मंजूर केलं. परीक्षा एकच : बसवलेल्या दाराचा आवाज कंपनीच्या प्रमाणित आवाजाशी जुळला पाहिजे. हा आवाज परदेशातल्या मुख्यालयात जतन केलेला आहे आणि चार देशांतले यंत्रमानव त्याबरहुकूम दारं बसवतात. मी जुनी कागदपत्रं काढली. ध्वनिमुद्रणाचं ठिकाण, गोंदे. दार बसवणारा, गोटीराम, प्रशिक्षणार्थी.

परीक्षेसाठी मुख्यालयातून तज्ज्ञ विमानाने आले. गोटीरामांनी दार बसवलं, थाप मारली, दार लावलं. धप्प. यंत्रावर आकडा उमटला : साम्य शंभर टक्के. नवनाथने शिट्टी मारली. तज्ज्ञांनी हस्तांदोलन केलं.

आठ दिवसांनी निकाल आला. नापास. साम्य अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक आढळल्यास उमेदवाराने मूळ आवाजाची नक्कल केली असं समजावं, असा नियम होता.

मी जुनी कागदपत्रं हर्षलसरांपुढे ठेवली. "सर, मूळ आवाज यांचाच आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे कंपनीचा प्रमाणित आवाज एका नापास माणसाचा आहे, असं तुम्ही लिहून देताय? मॅडम, चार देशांतल्या गाड्या परत बोलवाव्या लागतील."

मी लिहून दिलं नाही. माझंही प्रशिक्षण चालू होतं.

फेरपरीक्षा नियमाने तीन वर्षांनी असते; दिवाळीआधी एकदा देऊ द्यायला हर्षलसर तयार झाले. मी गोटीरामांना सुचवलं, की दार थोडं वाईट बसवून पाहा, पंच्याण्णव टक्के पुरतात.

त्यांनी बिजागरीवर तळहाताची थाप मारली. "तेवढंच नाय शिकवलं कुणी, ताई."

दिवाळीच्या आदल्या दिवशी त्यांनी पिवळी टोपी जमा केली. टोपी सुस्थितीत मिळाल्याची पोच त्यांना मिळाली.

इतिहासाचं प्रकाशन नाशिकच्या शोरूममध्ये झालं. पेढे वाटले गेले. पाहुण्यांनी पुस्तक काखेत धरून नव्या गाडीचं दार उघडून लावून पाहिलं. धप्प.

"आवाजावरूनच कळतं," एक गृहस्थ म्हणाले. "बाहेरच्यांचं काम. आपल्या माणसांना हे जमायचं नाही."

तुम्ही त्यांच्या शेजारीच उभे होतात. तुम्ही दार पुन्हा एकदा लावून पाहिलंत आणि मान डोलावलीत.