संध्याकाळची आग

धाकटी विद्यापीठात नेमकं काय शिकते, याबद्दल घरात एकमत नव्हतं. अभ्यासक्रमाचं नाव ‘जर्मन, सोबत इंग्रजी भाषा आणि भाषाशास्त्र’ असं होतं. आईला ते एका दमात म्हणता येत नसे, म्हणून कुणी विचारलं की ती ‘भाषेचं काहीतरी’ एवढं सांगून विषय बदलत असे. थोरल्या भावाच्या मते धाकटी काहीच शिकत नव्हती, नुसती आरशासमोर उभी राहून तोंडं वेडीवाकडी करत होती. यात तथ्य होतं. कोणता ध्वनी तोंडात कुठे तयार होतो हे पाहण्याचा तो गृहपाठ होता.

वडिलांना मात्र कसलीच शंका नव्हती. ते बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगचे फोरमन होते आणि मुलगी जर्मन शिकते ही गोष्ट त्यांची कँटीनमध्ये सगळ्यांना सांगून झाली होती. ऐकणारे संपले तेव्हा त्यांनी मालकांना सांगितली. तिथेच घोटाळा झाला.

“उद्या सुट्टी आहे ना तुला? माझ्याबरोबर कारखान्यात ये,” ते जेवताना म्हणाले.

“कशाला?”

“जर्मनीहून मेकॅनिक आलाय. नवीन मशीन बिस्किटं भरायच्या ऐवजी चुरा करून भरतंय. दुभाष्या ठरला होता, तो कावीळ होऊन पडलाय.”

धाकटीचा घास हातातच राहिला. “बाबा, पहिलंच वर्ष आहे माझं. मला सूप मागवता येतं आणि स्टेशनचा रस्ता विचारता येतो. बास.”

“अगं, बोलायचं तुला कुठे आहे? बोलेल तो. तू फक्त सांगायचं.”

“अहो, पोरीला कशाला भरीस घालताय?” आई म्हणाली.

“मी साहेबांना शब्द देऊन बसलोय.”

“काय सांगितलंत त्यांना?”

“आमची धाकटी जर्मन पाण्यासारखं बोलते.”

“तिला पोहता येत नाही, हेही सांगायचं होतंत.”

धाकटीची खरी अडचण वेगळीच होती. जर्मनचा वर्ग मुळाक्षरांपासून सुरू झाल्यामुळे रखडत चालला होता. भाषाशास्त्राचा वर्ग इंग्रजीतून होत असल्यामुळे तो सुसाट पुढे गेला होता. त्यामुळे जर्मनच्या कोणत्या बोलीत कोणता स्वर कसा बदलतो हे तिला तोंडपाठ होतं. ‘माझी छत्री हरवली आहे’ हे मात्र अजून यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली. मेकॅनिक चांगलाच उंच होता, मिशा दाट होत्या आणि त्या मिशांमधून गाळूनच शब्द बाहेर येत असत. धाकटीने पुस्तकातल्या दुसऱ्या धड्यातलं वाक्य म्हटलं. नमस्कार, प्रवास कसा झाला? मेकॅनिकचा चेहरा खुलला आणि तो बोलायला लागला. बराच वेळ बोलला. त्यातला ‘आणि’ हा शब्द धाकटीने ओळखला, तोही दोनदा.

“काय म्हणाला?” मालकांनी विचारलं.

“प्रवास चांगला झाला म्हणाला.”

“एवढं बोलून एवढंच?”

“जर्मनमध्ये क्रियापद शेवटी येतं, साहेब. तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो.”

“आपल्याकडेही शेवटीच येतं की,” मालक म्हणाले आणि त्यांनी फोरमनकडे पाहिलं. फोरमननी छताकडे पाहिलं.

मेकॅनिक मशीनखाली सरकला. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला. “लाइट! लाइट!” तो हात हलवून ओरडत होता. कारखान्याचा वायरमन तत्पर होता. त्याने धावत जाऊन सगळे दिवे लावले. आतून पुन्हा “लाइट!” आलं, जरा चिडून. वायरमनने सगळे दिवे घालवले. अंधारात कुणाच्या तरी पायावर पाना पडला.

धाकटीच्या डोक्यात मात्र त्याच अंधारात उजेड पडला. हा माणूस जर्मनीच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातला. तिकडच्या बोलीत ‘ऑय’चा ‘आय’ होतो. मागच्याच आठवड्यात फळ्यावर लिहून दिलं होतं. म्हणजे ‘लाइट’ नव्हे, मूळ शब्द ‘लॉयटे’. लॉयटे म्हणजे माणसं!

“दिवे लावा,” ती म्हणाली, “आणि सगळे मागे सरका. मशीनभोवती माणसं नकोत म्हणतोय तो.”

दिवे लागले, माणसं सरकली आणि मेकॅनिक बाहेर डोकं काढून हसला. त्याने अंगठा वर केला. मालकांनी मान डोलावली. वायरमनने शेजारच्याला विचारलं, “हे हिला कसं कळलं रे?” फोरमन साऱ्या खात्यात विनाकारण एक चक्कर मारून आले.

एका नियमाने एक कुलूप उघडलं की माणूस तीच किल्ली घेऊन साऱ्या गावातून फिरतो. धाकटीचं तसंच झालं. दिवसभर ती ‘आय’ ऐकू आला की त्याचा ‘ऑय’ करत होती. कधी अर्थ लागे, कधी नाही. नाही लागला तर ती “थांबा म्हणतोय” असं सांगे, आणि मशीनच्या कामात कधीही थांबलं तरी चालतं.

संध्याकाळ झाली. मेकॅनिकने एकाएकी घड्याळाकडे पाहिलं. त्याने मशीनचं मुख्य बटण खाली ओढलं, हत्यारं भराभर पेटीत टाकली, हात पुसले, दाराकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “फायराबेंट!”

शब्द पुस्तकात नववा धडा ओलांडल्यावर येणार होता आणि वर्ग पाचव्यात होता. पण धाकटीला पुस्तकाची गरज उरली नव्हती. शब्द जोडशब्द आहे हे तिने तिथल्या तिथे ओळखलं. दुसरा भाग ‘आबेंट’, म्हणजे संध्याकाळ. पहिला ‘फायर’. तिकडच्या बोलीत ‘आय’, म्हणजे मूळ ‘फॉयर’. फॉयर म्हणजे... तिचा चेहरा पांढरा पडला. इंग्रजीसुद्धा तेच सांगत होती. दोन्ही भाषांचं एकमत झालं होतं.

“काय म्हणाला?” वडिलांनी विचारलं.

“बाबा, आग!”

“कुठे?”

“ते नाही सांगितलं. संध्याकाळी, एवढंच म्हणाला.”

“संध्याकाळी म्हणजे कधी?”

दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं. संध्याकाळ झालीच होती. मेकॅनिक तोवर पेटी उचलून झपाझप दाराकडे निघाला होता. बंद केलेलं मशीन, घाईघाईने आवरलेली हत्यारं, दाराकडे दाखवलेलं बोट. शंकेला जागाच नव्हती. हवेत पिठाची धूळ असलेल्या कारखान्यात ठिणगी म्हणजे काय, हे फोरमनना ठाऊक होतं. त्यांनी भिंतीवरचा भोंगा दाबला.

मग जे व्हायचं ते झालं. भट्टीवाले निघाले, पॅकिंगवाले निघाले, रांगा करून अंगणात उभे राहिले. हिशेबनीस खुर्चीसकट बाहेर आला आणि आपण खुर्ची का आणली हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पॅकिंगमधून ‘आग’ म्हणून निघालेली बातमी फाटकापाशी पोचेपर्यंत ‘बॉयलरचा स्फोट’ झाली. मालकांनी अग्निशमन दलाला फोन केला. दोन बंब घंटा वाजवत आले. जवानांनी पाइप उलगडले, आत शिरले, सगळी खाती धुंडाळली आणि साऱ्या इमारतीत पेटलेली एकच गोष्ट त्यांना सापडली. कँटीनमधली चहाची शेगडी. ती त्यांनी विझवली.

बंबांचा प्रमुख हेल्मेट काढून बाहेर आला. “आग कुणी पाहिली?”

मालकांनी फोरमनकडे बोट केलं. फोरमननी कुणाकडेच केलं नाही. ते धाकटीच्या पुढे येऊन उभे राहिले.

“भोंगा मी दाबला,” ते म्हणाले.

“बाबा, मी सांगितलं म्हणून...”

“तू गप्प बस. बढाया मी मारल्या, भोंगा मी दाबला.”

धाकटीला त्यांच्या पाठीमागून फक्त त्यांची मान दिसत होती. मानेवर घाम होता. इतकी वर्षं या अंगणातून ते ताठ मानेने चालत आले होते आणि आज उभ्या कारखान्यादेखत त्यांची चूक काढली जात होती. तिला रडू आलं, पण रडताना आवाज कुठून निघतो हे माहीत असल्यामुळे तिने तो तिथेच दाबला. ती पुढे झाली आणि म्हणाली, “चूक माझी आहे. या मेकॅनिकने आग लागली असं सांगितलं, असं मला वाटलं.”

प्रमुख वळून मेकॅनिककडे गेला आणि त्याने सरळ इंग्रजीत विचारलं, आग कुठे आहे?

“आग नाही,” मेकॅनिक तितक्याच सरळ इंग्रजीत म्हणाला. “दिवसाचं काम संपलं, आता घरी जाऊ या, असं म्हणालो मी. आमच्याकडे रोज म्हणतात.”



“तुम्हाला इंग्रजी येतं?” मालकांनी विचारलं.

“येतं की. शाळेपासून.”

“मग दिवसभर बोलला का नाहीत?”

“तुम्ही एवढी हौसेनं दुभाषी आणलीत. म्हटलं, कशाला मुलीचं मन मोडा.”

मालकांचा रंग बदलायला लागला. ते फोरमनकडे वळले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मेकॅनिकने त्यांचा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवायला सुरुवात केली. त्याचे डोळे पाणावले होते.

“मी खूप देश फिरलोय,” तो म्हणाला. “पण असं कुठे पाहिलं नाही. एका माणसाने काम संपलं म्हटलं, तर भोंगा वाजतो, सगळा कारखाना रांगेत बाहेर येतो, मालकसुद्धा बाहेर! वर सुखरूप घरी जावं म्हणून बंब बोलावता. कामगारांच्या वेळेचा एवढा मान आमच्याकडेही नाही. मी कंपनीला कळवणार आहे. आमच्या साहेबांनी येऊन हे बघायला पाहिजे.”

पुढच्या वर्षी घ्यायच्या मशीनवरची सवलत तेच साहेब ठरवणार होते. मालकांनी उघडलेलं तोंड मिटलं, मग पुन्हा उघडलं आणि त्यातून हसू काढलं.

“आमची पद्धतच आहे ती,” ते म्हणाले.

पद्धत आहे म्हटल्यावर ती पाळणं आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेकॅनिकने हात पुसून तो शब्द उच्चारला आणि मालकांच्या केबिनमधून निमूटपणे भोंगा वाजला. रोज ‘जरा एवढं उरकून जा’ ऐकण्याची सवय असलेली माणसं उजेड असताना घरी पोचली. भट्टीवाल्याच्या बायकोने त्याला, तब्येत बरी नाही का, असं विचारलं. वायरमनने आपल्या मुलाला पहिल्यांदाच जागं पाहिलं. बंब काही पुन्हा आले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी रांगा आपोआप लागल्या.

कँटीनमध्ये आता फोरमनना बसायला खुर्ची पुढे केली जाऊ लागली. धाकटी रोज वर्ग सुटल्यावर येत होती, कारण मेकॅनिकने दुसरा दुभाषी घ्यायला साफ नकार दिला होता. तो तिच्याशी सावकाश, पुस्तकी जर्मन बोले आणि ती चुकली की मिशांतून हसून दुरुस्त करी. मशीनही आता बरं चाललं होतं. बिस्किटं अख्खी बाहेर पडायला लागली होती.

हेच पाहून वायरमन, भट्टीवाला आणि हिशेबनीस असे तिघे फोरमनपाशी आले.

“मशीन उद्या पुरं होणार म्हणे?” वायरमन म्हणाला.

“होय.”

“म्हणजे तो जाणार?”

“जाणारच की.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हिशेबनीस खाकरून म्हणाला, “एवढी घाई आहे का हो?”

फोरमननी आयुष्यात कधी मशीन बंद राहावं असं मनातही आणलं नव्हतं. ते बराच वेळ त्या गुळगुळीत पट्ट्यावरून जाणाऱ्या अख्ख्या बिस्किटांकडे बघत राहिले. मग त्यांनी धाकटीला बाजूला बोलावलं.

“काय गं,” ते हळूच म्हणाले, “‘डाव्या बाजूने अजून कसला तरी आवाज येतोय,’ याला जर्मनमध्ये काय म्हणतात?”

धाकटीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग ती मेकॅनिकपाशी गेली आणि ते वाक्य तिने पहिल्यापासून क्रियापदापर्यंत न अडखळता म्हणून दाखवलं.

मेकॅनिकने मशीनला कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं. त्याने रांगेत उभ्या माणसांकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं आणि बंद केलेली पेटी पुन्हा उघडली.

“हो,” तो पुस्तकी जर्मनमध्ये, एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, “मलाही ऐकू येतोय.”