उंटाने आधीच मोजलेलं पाणी

एका जंगलात, बाळांनो, कॉम्प्युटर आला होता. शहाणपण मागून यायचं होतं. ते अजून वाटेत आहे.

नदी ओलांडायला एकच उतार होता. तिथल्या काठावर हा कॉम्प्युटर मांडला होता. पलीकडे जाणारा विचारी, "पाणी किती?" मग आतला प्रोग्रॅम नदीत बांबू सोडी, वर घेई आणि माप सांगी. प्रोग्रॅम पर्ल भाषेतला होता. लिहिला होता जलमंत्री करभराव उंटांनी.

बांबू वर येईपर्यंत सिंहमहाराजांना जांभया येत. "तुमच्या खात्यात फार वेळ लागतो," ते एकदा म्हणाले. करभरावांना मंत्रिपद जाताना दिसू लागलं. जेवण गोड लागेना.

शेवटी त्यांनी युक्ती काढली. प्रोग्रॅम आधी तयार होतो, त्याला कंपाइल होणं म्हणतात. चालतो तो नंतर. बांबू बुडवायचं फंक्शन त्यांनी 'बिगिन'च्या कुंपणात घातलं. आता ते फंक्शन प्रोग्रॅम तयार होतानाच एकदा चाले आणि आलेलं माप कायमचं ठरवून टाकी.

हा प्रोग्रॅम चैत्रात सुरू झाला. नदीत तेव्हा बेडूकही नीट भिजत नव्हता. पुढे कुणीही विचारलं, की उत्तर लगेच हजर: "घोटाभर." महाराजांनी खूश होऊन करभरावांना शाल दिली. ती त्यांनी अंगावरून काढलीच नाही.

आषाढात नदी फुगली. अख्खी झाडं वाहत येऊ लागली. नेमके तेव्हाच महाराज पलीकडे सासुरवाडीला निघाले.

"पाणी किती?"

"घोटाभर," कॉम्प्युटर म्हणाला.

"अहो करभराव, जरा डोळ्यांनी बघा की," काठावरची म्हैस म्हणाली.

"मावशी, डोळ्यांनीच बघायचं तर कॉम्प्युटर कशाला आणलाय?"

"बरोबर आहे," महाराज म्हणाले. "तुम्ही पुढे व्हा."

माप चैत्रातलं आहे, एवढं करभराव बोलले असते तर जीव वाचला असता. पण मंत्रिपद गेलं असतं. त्यांनी हळूच पुन्हा विचारलं. "घोटाभर." तेवढ्याने या मूर्खाला धीर आला आणि तो नदीत शिरला.

थोडा वेळ शाल दिसत होती.

महाराज हळहळले. "पण उत्तर काय झटकन आलं," ते म्हणाले. मग सासुरवाडीचा बेत रद्द करून त्यांनी तोच प्रोग्रॅम शेजारच्या सगळ्या नद्यांवर बसवायचा हुकूम दिला.

तात्पर्य : उत्तर आधीच ठरवून ठेवावं. प्रश्न विचारणारे आपोआप कमी होत जातात.