तांदळातली एक कॉपी

दत्तूभाऊ रोज संध्याकाळी आमच्या घरी येतात, चपला काढतात, सरळ स्वयंपाकघरात शिरतात आणि आमच्या तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालतात. पाहुणे असले की आमची पंचाईत होते. माझे मेहुणे तर एकदा दचकून उभेच राहिले. दत्तूभाऊ मात्र निवांतपणे आत चाचपतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लाल पेन ड्राइव्ह बाहेर काढतात, त्याच्या जागी निळा ठेवतात, वरून तांदूळ सारखा करतात आणि म्हणतात, "झालं वहिनी. मांडा चहा."

दुसऱ्या दिवशी निळा निघतो, लाल आत जातो. एकदा लाल खिचडीत शिजता शिजता वाचला. तेव्हापासून सुनंदा, म्हणजे माझी बायको, तांदूळ निवडताना भांडल्यासारखी निवडते.

दत्तूभाऊंची मालेगावात, वाशीम रोडला, भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे. कोणी कोणत्या जातीची मिरची नेली, कोणाला कोणतं वांगं मानवलं, हे सगळं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. मागे एकदा वीज पडली आणि तो कॉम्प्युटर जळाला. त्या हंगामात लोक यायचे आणि म्हणायचे, "मागच्या सालचीच मिरची द्या, भाऊ." दत्तूभाऊंना काही केल्या आठवेना. आसेगावच्या एका घरी ठेच्याची मिरची जायची, तिथे भज्यांची गेली. त्या घरच्या काकू पिशवीभर मिरच्या घेऊन नर्सरीत आल्या. "खाऊन सांगा, हे मिरची हाय का काकडी?"

बस्स. तेव्हापासून दत्तूभाऊंचं प्रत्येक बोलणं 'समजा'पासून सुरू होतं. "समजा नर्सरीले आग लागली. समजा माह्या घरी चोरी झाली. एक कॉपी दुसऱ्याच्या घरात पाह्यजेच, सर. अन् तांदूळ ओल ओढून घेते." दुसऱ्याचं घर म्हणून त्यांनी शेजारचं आमचं घर निवडलं. "समजा आग तुमच्या घरून आमच्याकडे आली तर?" असं मी एकदा चेष्टेत विचारून बसलो. बिचारे आठवडाभर नीट जेवले नाहीत.

तर अशा माणसाला त्यांच्या मुलीनं पुण्याहून सांगितलं, "बाबा, नर्सरीचं सगळं क्लाऊडवर टाका. पेन ड्राइव्हची कटकटच नको." मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नातू झाल्यापासून दत्तूभाऊंची बायकोही तिकडेच, नातवाला सांभाळायला. "मी रविवारी फोन करते. हो की नाही, सांगून टाका," असं म्हणून पोरीनं फोन ठेवला आणि दत्तूभाऊ माझ्या गळ्यात पडले.

मी शाळेत इतिहास शिकवतो. पण ऑफिसच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा ओढून काढला, तेव्हापासून गावाच्या लेखी मी कॉम्प्युटरचा जाणकार.

"सर, ते क्लाऊड असते कोठी?"

"कुठल्या तरी मोठ्या इमारतीत. तिथे मोठमोठे कॉम्प्युटर असतात."

"कोणत्या गावात?"

"मला काय माहीत!"

"म्हंजे माल आपला, अन् गोदाम कोठी हाय ते आपल्यालेच मालूम नाई?"

हे मला एकदम पटलं. मी म्हणालो, "मग नकोच." त्यावर ते चिडले. "नको काहून? पोट्टी का येडी हाय?" मग मी क्लाऊडची बाजू घेतली, तर म्हणाले, "अन् समजा लाइन गेली?" मी म्हटलं, मोबाइलवर दिसतं. "रेंज गेली?" दुसऱ्या दिवशी ते क्लाऊडच्या बाजूनं आले आणि मी विरोधात होतो. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघेही एकाच बाजूला होतो, पण ती कोणती ते दोघांनाही सांगता येईना. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. शाळेत मी शाहिस्तेखानाला पन्हाळ्यावर पाठवलं.

बरं, नुसतं मला विचारून भागेल? त्यांनी दाताच्या डॉक्टरला विचारलं, तेही तोंड उघडं असताना. यष्टीच्या कंडक्टरला विचारलं. शेवटी रिसोडला गेले. तिथल्या एका नर्सरीवाल्यानं सगळं क्लाऊडवर नेलं होतं. परत आले ते अधिकच गोंधळून.

"कसं चाललंय त्याचं?" मी विचारलं.

"एक नंबर! मोबाइलवर बोट फिरवते अन् सारं सांगते. लोकं बी घरूनच पाह्यतात." मग म्हणाले, "पण सर, मी तेथी घंटाभर बसलो. चिटपाखरू आलं नाई दुकानात."

रविवार उजाडला. संध्याकाळी दत्तूभाऊ आले, डब्यात हात घातला, पेन ड्राइव्ह बदलला आणि चहाचा कप घेऊन बसले. मुलीचा फोन यायचा होता. मी वैतागून म्हणालो, "अहो, करा एकदाचं हो! ही रोजची यातायात तरी संपेल तुमची."

"तेच तं," ते कपाकडे पाहत म्हणाले. "समजा मी क्लाऊडवर गेलो. मंग हे डब्यातलं बंद. मंग संध्याकाळी मी तुमच्या घरी कोणत्या कामानं येऊ?"

शेजारच्या त्या घरात संध्याकाळी एकच दिवा लागतो, हे मी रोज बघत होतो.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजायला लागला. सुनंदा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"भाऊजी, पोरीले हो म्हणा. तिले समजते त्यातलं."

दत्तूभाऊंनी मान खाली घातली.

"पण समजा," सुनंदा म्हणाली, "समजा ते क्लाऊडच बंद पडलं तं? तांदळातली एक कॉपी लागनच आपल्याले. फक्त हात धुऊन घालत जा."

दत्तूभाऊंनी फोन उचलला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "हो म्हंतो, बेटा! हो!"

आता नर्सरीचा सगळा कारभार क्लाऊडवर आहे आणि छान चाललाय म्हणतात. मला त्यातलं अजून काही कळत नाही.

परवा घरातला तांदूळ संपला. मी म्हटलं, दोन दिवस खिचडी नाही झाली तर काय बिघडतं? पगार झाला की आणू.

सुनंदानं माझ्या हातात पिशवी दिली. "आत्ताच जाऊन आणा. भाऊजी येतीन."