अडतीस अंशांचा संशय

आमच्या खालच्या मजल्यावरच्या कारखानीसबाई माझ्यावर गरम पाणी बिघडवल्याचा आरोप करायच्या, आणि तोही लेखी. सकाळी दार उघडलं की उंबऱ्यात घडी घातलेला कागद. "आज सात वाजून बारा मिनिटांनी आपण नळ सोडलात. आमचं पाणी अडतीस अंशांवरून आधी एकावन्न झालं, मग गार. खुलासा करावा." खाली सही.

पहिल्या चिठ्ठीला मी हसलो, दुसरीला चिडलो. तिसरीनंतर मी माझ्याच घरातला नळ चोरासारखा सोडू लागलो.

बाईंची सगळी नोकरी कॉलेजच्या परीक्षा विभागात गेली होती. कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणे. निवृत्तीनंतर परीक्षा संपल्या, पण पर्यवेक्षण चालूच राहिलं. कर्वेनगरातली आमची सोसायटी हाच त्यांचा वर्ग. कुणी जरा गोड बोललं की चष्म्यावरून बघत विचारायच्या, "खिशात काय आहे?" सोसायटीच्या सभेत त्यांनी हे अध्यक्षांनाही विचारलं होतं. अध्यक्षांनी खरोखर खिसा चाचपला.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. तेव्हापासून भेटायला येणाऱ्यांना बाई दारातूनच परत पाठवत. "आत येऊन बघतात आणि खाली जाऊन सांगतात." मदतीला ठेवलेल्या बाईलाही त्यांनी तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. कारण काय, तर ती काम करताना गुणगुणायची. "लक्ष नव्हतं तिचं."

त्यांचा गिझर गॅसवरचा, चांगला चौदा वर्षांचा. दोन मेकॅनिक येऊन गेले होते. कामाआधी आणि कामानंतर बाई प्रत्येक स्क्रूचा फोटो काढत. दुसरा मेकॅनिक वैतागून म्हणाला, "मावशी, जुना झालाय, बदलून टाका."

"रोग सापडत नाही म्हणून पेशंट बदलायचा?" बाईंनी त्याला विचारलं. तो परत आला नाही.

शेवटी एका रविवारी मीच खाली गेलो.

"बाई, सरळ बादलीत पाणी घ्या की. गार पाण्याचं विसण घातलं की झालं."

"तो माझा प्रश्न आहे. तुमचा प्रश्न नळ."

"मग एकदा समोरासमोर तपासूया. मी वर नळ सोडतो, तुम्ही खाली बघा."

"आणि तुम्ही सोडलाच नाहीत तर?"

म्हणून व्हिडिओ कॉल. फोन मी माझ्या नळासमोर धरायचा. खाली बाई थर्मामीटर घेऊन उभ्या. मी नळ सोडला.

"एकोणचाळीस... चव्वेचाळीस... पन्नास... विझला!" बाई ओरडल्या. आवाजात असा आनंद, जणू पहिल्याच बाकावरचा मुलगा चिठ्ठीसकट सापडला. "आता खुलासा करा!"

आरोपी म्हणून मी स्वखुशीने ओळखीच्या एका वयस्क मेकॅनिकला बोलावलं. त्यांना शेखचाचा म्हणतात. आल्या आल्या बाईंनी विचारलं, "खिशात काय आहे?"

"चश्मा आणि तंबाखू," चाचा म्हणाले आणि दोन्ही काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी दोन्ही निरखून बघितलं आणि वाट सोडली.

चाचांनी गॅस बंद करून गिझर उघडला. "वरती नळ सुटला की तुमची धार बारीक होते. पाणी कमी, आग तेवढीच, म्हणून चटका. धार आणखी बारीक झाली की गिझर स्वतःच विझतो. पण एवढ्याशा फरकाने विझायला नको." त्यांनी पाण्याच्या तोंडाची जाळी काढून दाखवली. टँकरच्या पाण्याचा पांढरा क्षार तिच्यात गच्च बसला होता. आतला रबरी पडदा हात लावताच पापडासारखा मोडला.

"म्हणजे दोषी कोण?" बाईंनी विचारलं.

"टँकर."

"आणि हे?" बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"हे थोडे थोडे."

एवढ्यावर बाई जरा समाधानी दिसल्या.

चाचा नवा पडदा बसवत होते, तेव्हा मला बाथरूमचा नळ सोडायला आत पाठवलं गेलं. आत प्लास्टिकची खुर्ची होती. तिच्या पाठीला जुन्या सुती साडीची पट्टी बांधलेली, माणूस पुढे कलंडू नये म्हणून. शेजारी हातात धरायचा शॉवर. बाई दारात उभ्या होत्या.

"एका हाताने ह्यांना धरते, दुसऱ्या हातात शॉवर," त्या म्हणाल्या. "विसण घालायला तिसरा हात कुठून आणू?"

मी नळाकडे वळलो.

"उजव्या अंगाला त्यांना कळतच नाही. एकदा खांदा चांगला भाजला. डाव्या हाताने सांगता आलं असतं, पण सांगितलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून." चष्मा काढून त्यांनी पदराला पुसला. "ह्या माणसावर तर माझा मुळीच विश्वास नाही."

पाणी अडतीसवर स्थिर झालं. चिठ्ठ्या थांबल्या. आभार अर्थातच आले नाहीत.

पुढच्या रविवारी बाईच वर आल्या. हातात शिकेकाईची वाटी.

"वरचे, अर्धा तास आहे का तुम्हाला? ह्यांच्याजवळ बसायचं. मला न्हायचंय." मग खाली बघत म्हणाल्या, "दोन वर्षं दोन-दोन तांब्यांत उरकतेय. दार उघडं ठेवून."

मी अण्णांच्या पलंगाशेजारी बसलो. बाई आत गेल्या. कडी लागली, पुन्हा निघाली, पुन्हा लागली. पाणी सुरू झालं. मिनिटभरात बंद.

"आहात ना?" आतून आवाज आला.

"आहे, आहे," मी म्हणालो.

पाणी सुरू, पाणी बंद. "अहो, आहात ना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णांनी डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. मान थोडी वर केली, ओठ बराच वेळ जुळवले आणि घोगऱ्या, पण स्पष्ट आवाजात म्हणाले, "हो."

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पाणी सुरू झालं आणि बराच वेळ चालू राहिलं.