अस्सलबरहुकूम आवाज

पाठककाका आमच्या घरी आले की आधी पंखा बंद करतात आणि मग बसतात. मे महिन्यात कळमनुरीत पंखा बंद करणाऱ्या माणसाला कोणी दारात उभं करणार नाही. पण काका शेजारी, वय शहात्तर, आणि मी पडले शाळेतली बाई, मोठ्यांचा मान राखा असं रोज लेकरांना सांगणारी. म्हणून मी पदरानं वारा घेत बसते.

"बाई, पंखा मधात बोलून राहिला," असं म्हणून काका कानांवर हेडफोन चढवतात. त्यानंतर कुकरची शिट्टीसुद्धा त्यांना खपत नाही. एकदा त्यांनी माझ्या नवऱ्याला श्वास हळू घ्यायला सांगितलं होतं. नवरा बिचारा पेपर वाचत होता.

काकांना एक यंत्र हवं होतं. हातात मावणारं, फक्त गाणं वाजवणारं. पुण्याच्या मुलानं त्यांना गेल्या वर्षी वायरचे भलेमोठे हेडफोन पाठवले, तिथून हे सगळं सुरू झालं. ते हेडफोन फोनला लावले तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येई. शिवाय ऐन रंगात वीजबिलाचा मेसेज टुण्णकन वाजे. "फोनचं काम बोलायचं. गाणं त्याच्या टेबलाचं काम न्हाई," असा काकांनी निकाल दिला.

टेबल हा शब्द त्यांच्या हाडात मुरला आहे. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी उभी हयात नकला देण्यात घालवली. जुन्या कागदाची नक्कल लिहायची, मग एकानं अस्सल कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून ताडायचा, आणि शेवटी शिक्का. मुळात जसं असेल तसं, म्हणजे अस्सलबरहुकूम. हा शब्द काका भाजीवाल्यालाही ऐकवतात. खाडाखोडीचा त्यांना भयंकर तिटकारा. किराण्याच्या यादीत साखर दोन किलोची एक किलो करायची तरी दोनवर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. दुकानदार त्या यादीकडे पाहून अजूनही बिचकतो.

त्यांना जे ऐकायचं होतं ते एकच भजन होतं. स्वतःचंच. एकोणतीस वर्षांपूर्वी देवळात कॅसेटवर भरलेलं. गायला आणि पेटीवर काका, तबल्यावर किसन राठोड. हे राठोड त्यांच्याच कचेरीतले कनिष्ठ लिपिक, साखऱ्याजवळच्या तांड्यावरचे. कचेरीत काका वाचणार, राठोड ताडणार. देवळात काका गाणार, राठोड वाजवणार. अशी जोडी की एकाला चहा सांगितला तर टपरीवाला दोन आणी. दोघांनी मिळून ती कॅसेट रेडिओवाल्यांना निवडीसाठी पाठवली. ती परत आली आणि सोबत एका ओळीची चिठ्ठी होती. तिसऱ्या कडव्यात ताल सुटतो.

काकांनी भर कचेरीत ती चिठ्ठी राठोडांच्या टेबलावर आपटली. ताल म्हणजे तबला, आणि तबला म्हणजे राठोड. कॅसेटच्या वेष्टनावर त्यांनी लाल शाईनं शेराही लिहिला, 'तिसरे कडवे. चूक, कि. राठोड.' राठोडांनी तबला फडक्यात बांधून ठेवला, तो पुन्हा सोडला नाही. पुढची अकरा वर्षं दोघं समोरासमोर बसले. काका म्हणत "वाचलं", राठोड म्हणत "ताडलं". बाकी शब्द नाही. काकांच्या निरोपसमारंभात राठोडांनी हार घातला आणि कानाशी एवढंच म्हणाले, "साहेब, एकदा नीट आइका."

ते वाक्य काकांच्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं. "मला नीट आइका म्हणतो? मी आइकतो. अस्सलबरहुकूम आइकतो आणि त्याची चूक त्याच्या कानात घालतो. तवर मी मरत न्हाई," असं ते मला दर आठवड्याला बजावत. टेपरेकॉर्डरवर त्यांनी ते कडवं शेकडो वेळा ऐकलं होतं, पण पेटी इतकी वर येई की बाकी सगळं तिच्याखाली गुडुप. नवे हेडफोन टेपरेकॉर्डरला लावले तेव्हा मात्र खरखरीतूनही त्यांना पहिल्यांदा पेटीच्या पट्टीवर बोट टेकल्याचा आवाज आला. बोट ऐकू येतं तर चूकही येईल. आता कमी होती ती यंत्राची.

नांदेडला जाऊन त्यांनी कॅसेटची फाईल करून आणली. दुकानदारानं ती लहान करून दिली तर काकांनी जागेवर परत केली. "दाबलेली फाईल म्हणजे गोषवारा. मला नक्कल पाहिजे." मग आठवडी बाजारातून एक डबी आणली. तिच्यात रेडिओ होता, विजेरी होती, आणि भजन लावलं की डबीच थरथरायची. हिंगोलीत एका दुकानात त्यांनी दुकानदाराला शटर अर्धं खाली ओढायला लावलं, रस्त्याचा आवाज नको म्हणून. दुकानदारानं बिनवायरचे इयरफोन पुढे केले. काका म्हणाले, "हवेतून येताना वाटेत काय सांडतं, त्याचा हिशेब कोण देईल?" दुकानदार "चाचा, बहुत अच्छा आता है" म्हणत राहिला. काका म्हणाले, "अच्छा नको. जसा आहे तसा पाहिजे."

शेवटी ऑनलाइन मागवण्याची तकलीफ माझ्या गळ्यात पडली. पहिल्या यंत्रात आवाज गोड होता. काकांनी ते परत पाठवलं, कारण राठोडचा डग्गा इतका गोड कधीच नव्हता. दुसऱ्यात काकांना एक बारीक सूं ऐकू येई. मला काही ऐकू आलं नाही. मी पंख्याला हात लावून पाहिला, तो बंदच होता. परत पाठवताना कारण निवडायचं असतं, रंग आवडला नाही, आकार लहान आहे वगैरे. काका माझ्या शेजारी बसून म्हणाले, "लिहा, नक्कल अस्सलबरहुकूम न्हाई." मी 'इतर' वर बोट ठेवलं. खरं सांगते, तोवर मला काकांचा, भजनाचा आणि संगीत या विषयाचाच वीट आला होता.

तिसरं यंत्र काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, काळं, जड. त्या मोठ्या हेडफोनला पुरेल एवढा दम असलेलं. दुपारी आमच्याकडे ते लावलं. पंखा बंद. काकांनी डोळे मिटले, बोटं मांडीवर ताल धरू लागली. तिसऱ्या कडव्याशी बोटं थांबली. त्यांनी गाणं मागे नेलं, पुन्हा ऐकलं. पाच वेळा. मग हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि स्वतः उठून पंखा लावला. वर्षभरात पहिल्यांदा.

"हेच ठेवू," ते म्हणाले. "आणि बाई, रविवारी साखऱ्याला जायचंय. सोबत चला. मला ती बटणं न्हाई जमत."

मी गेले ते भांडण सोडवायच्या तयारीनं. दोन बस बदलल्या. काका वाटभर पिशवी पोटाशी धरून होते. तांड्यावर राठोड अंगणात खाटेवर बसले होते. उठायला लागले तर काकांनी हातानंच बसवलं, हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले आणि मला म्हणाले, "लावा, बाई."

राठोड ऐकत राहिले. तिसऱ्या कडव्याशी ते किंचित हसले, मान हलवली आणि हेडफोन माझ्याकडे दिले. मी ऐकलं. पेटीच्या मागे काकांचा घाईनं घेतलेला श्वास, आणि ओळ एक मात्रा आधी सुटलेली. चुकले होते ते काका. तबला क्षणभर अडखळला, एक ठोका गिळून त्यांच्या जोडीला आला. आणि त्याच जागी, अगदी खाली, राठोडांचा आवाज, "चालू द्या, सांभाळलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका उन्हात तसेच उभे होते.

"काहून न्हाई बोललास रे?" त्यांनी विचारलं. "अकरा वर्षं माझ्यासमोर बसून?"

"साहेब, तुमी अस्सल आइकलं न्हाई, तवर माझ्या सांगण्याला कोन बराबर म्हनणार?" राठोड म्हणाले. "आपलं कामच तसं व्हतं. मी आपला वाट बघून राहिलो."

"तुझ्याबिगर मी पुन्हा गायलो न्हाई, किसन," काका म्हणाले. "लोकांना सांगितलं घसा बसला. एकट्याला गाता येत न्हाई मला."

राठोडांच्या बायकोनं चहा आणला, न सांगता दोन कप खाटेवर शेजारी शेजारी ठेवले आणि माझा वेगळा दिला.

काकांनी पिशवीतून कॅसेट काढली. खिशातलं पेन घेतलं. लाल शाईतल्या राठोडांच्या नावावर त्यांनी एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, 'द. पाठक'. शेजारी सही केली. सही रेकॉर्ड रूममध्ये शोभेल अशी वळणदार आली. मग कॅसेट राठोडांपुढे धरून त्यांनी शेरा पहिल्यापासून मोठ्यानं वाचला, "तिसरे कडवे. चूक, द. पाठक."

राठोडांनी चष्मा लावला, अक्षराखालून बोट फिरवलं आणि पेनासाठी हात पुढे केला.

"ताडलं," ते म्हणाले आणि सहीखाली सही केली.