कैफियत गजराबाईसाहेबांच्या इंग्रजी शब्दविद्येची

श्री. जी एका जिभेवर वसते आणि दुसरीवर रुसते, त्या सरस्वतीस दंडवत घालोन, आणि ऐकणारांचें काळीज थाऱ्यावर राहो ऐसें मागोन लिहितों. शके सतराशें सत्तर, कीलकनाम संवत्सर, ते सालीं जें वर्तमान जाहलें तें येणेंप्रमाणें.

राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण नांव लिहिलें कीं कोणी तरी धनी होऊन येतो. डोंगराच्या कुशीस लहानसें राज्य, एक गड, एक नदी, आणि गादीवर राणी गजराबाईसाहेब. राजे ज्वरानें कैलासवासी जाहले, पोटीं संतान नाहीं, दत्तकाची परवानगी टोपीकर इंग्रज देत ना, म्हणोन बाईसाहेबच चिकाच्या पडद्याआडून कारभार पाहात. नदीपलीकडे त्यांचे सख्खे बंधु सुभानराव राज्य करीत, आणि त्यांस इंग्रजी बोलावयाची मोठी हौस. टोपीकरांचा अजंट फेनविक साहेब त्यांचे दरबारास आला, तेव्हां सुभानराव उठोन उभे राहिले आणि छातीस हात लावोन इंग्रजींत वदले. मनांत होतें कीं, आम्हीं आपला देह प्रजेस वाहिला. वाहणें यास टोपीकर डेडिकेट म्हणतात. परंतु मुखावाटे आलें अ‍ॅब्डिकेट, आणि त्याचा अर्थ गादी सोडणें. साहेब टोपी काढून लवला आणि म्हणाला, "महाराजांची इच्छा आम्हांस मान्य." सुभानराव समजले कीं भाषण पसंत पडलें, म्हणोन हंसले, आणि स्वहस्तें पानसुपारी दिली. दिवस मावळावयाचे आंत वाड्यावरील निशाण उतरलें, आणि राजे, "मी काय बोललों, अरे मी काय बोललों," ऐसें पुसत पालखींत बसोन काशीस रवाना जाहले.

हें वर्तमान आलें तेव्हां बाईसाहेब भोजनास बसल्या होत्या. हातांतला घांस हातींच राहिला. मग भयानें राज्य व्यापिलें. बाजारांत ज्यांस दोन इंग्रजी शब्द येत होते ते, येत नाहींत ऐसें शपथेवर सांगों लागले. वेशीवरचा पहारेकरी गोऱ्यास पाहोन "यस सर" म्हणे, त्याचे बायकोनें त्याचे तोंडावर हात धरला कीं, "मेल्या, यस म्हणोन गांव घालवशील!" आणि इतक्यांत फेनविक साहेबाचा निरोप आला कीं, होळी उलटतांच आम्ही येतों, दरबार भरवावा, आणि आमचे बोलण्यास राणीसाहेबांनीं स्वमुखें उत्तर द्यावें, कारभाऱ्याचें चालणार नाहीं.

कारभारी अंताजीपंत, वृद्ध आणि भित्रे, हात जोडोन बोलले, "बाईसाहेब, दुखणें घ्यावें. अंथरुणास खिळलेल्या माणसास कोण काय पुसणार?" बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, निजलेल्या माणसाचें घर लुटावयास अधिकच सोपें. आम्हांस ती भाषा शिकवणारें कोणी आणा. आमचे दादा एका शब्दावर गेले. आम्ही निदान कोणत्या शब्दावर जातों तें समजोन जाऊं."

तेव्हां पादऱ्यांचे वस्तींतून रूथबाई आणविली. ही पूर्वी कोंकणांतील कोणी बालविधवा, पुढें बाप्तिस्मा घेऊन पादऱ्यांचे शाळेंत मुलींस शिकवीत असे. वाड्यांत मोठा कल्लोळ जाहला, उपाध्ये रुसोन बसले, परंतु बाईसाहेबांनीं तिजसाठीं निराळा पाट मांडविला आणि मध्यें जाजम मोकळें ठेवोन समोर बसविलें. सरलष्कर हैबतराव, ज्यांचे अंगावर तीन लढायांच्या खुणा, तेही हुकुमावरून शिकावयास बसले, कारण दरबारांत शब्द कळणारें आणखी एक माणूस असावें.

रूथबाईची रीत ऐसी कीं, शब्द एकटा शिकवावयाचा नाहीं. प्रथम अर्थ, मग त्याचे भाऊबंद, म्हणजे त्याच अर्थाचे दुसरे शब्द, आणि मग त्याचा वैरी, म्हणजे उलट अर्थाचा. आणि रोज सकाळीं छडीसारखे तीन प्रश्न यावयाचे: "मीनिंग? सिनोनिम? अपोझिट?" अंताजीपंत म्हणाले, "वैरी शब्द कशास शिकावा? साहेबास रुकार द्यावयास, हो म्हणावयास, सुलटेच पुरेत." रूथबाई म्हणाली, "पंत, भाऊबंदांचीं तोंडें सारखीं असतात. कोणाचे पोटांत काय, हें वैऱ्याकडे पाहिल्यावांचून कळत नाहीं." हें सरदारांस फार पटलें, कारण भाऊबंदकी सर्वांचे घरीं होती.

पण विद्या येईना. मॅग्नॅनिमस म्हणजे थोर मनाचा, हा शब्द हैबतरावांचे मुखीं "मग नाना मस" ऐसा होई, आणि तोफेपुढें न हाललेला तो पुरुष, प्रश्न आला कीं घामानें भिजे. बाईसाहेबांस अर्थ येत, भाऊबंद येत, परंतु वैरी जवळच बसविला असल्यामुळें वेळीं तोच आधीं धांवे. एके दिवशीं देवीपुढें ओटी भरतांना, नवा शब्द देवीसही ऐकवावा म्हणोन राज्यास प्रॉस्पेरिटी, म्हणजे भरभराट, मागावयास गेल्या, आणि मुखीं अ‍ॅडव्हर्सिटी, म्हणजे विपत्ति, आली. बोलल्या आणि जागींच पांढऱ्या पडल्या. त्या दिवशीं अन्न घेतलें नाहीं. रूथबाईस बोलावून म्हणाल्या, "बाई, मीं देवीजवळ राज्याचा नाश मागितला."

रूथबाई म्हणाली, "देवीस मराठी कळतें, बाईसाहेब. तिनें मन ऐकिलें असेल."

"साहेब मन ऐकत नाहीं. तो शब्द ऐकतो. माझी जीभ आतां माझी राहिली नाहीं. तुला नाहीं वाटत भय?"

रूथबाई म्हणाली, "मला मराठींत भय वाटतें, इंग्रजींत वाटतें, आणि प्रार्थनेंत तर फारच वाटतें. घरच्यांनीं टाकिलें तेव्हांपासोन तें सोबतीस आहे. आपण शिकत राहूं. दुसरें काय करावें तें मलाही ठाऊक नाहीं." मग दोघी पुन्हा बसल्या आणि तिन्हीसांजेपर्यंत तेच तीन प्रश्न चालले.

होळी उलटली आणि फेनविक साहेब आला. दोन पलटणी नदीच्या अलीकडे उतरल्या आणि तोफा वाड्याकडे तोंडें करोन मांडिल्या, आणि सांगितलें कीं, ह्या सलामीसाठीं. साहेबानें रूथबाईस दरबारांत येऊं दिलें नाहीं. दरबार भरला तेव्हां कोणी खोकेना. साहेब उभा राहिला आणि गोड आवाजांत बराच वेळ बोलला. त्याचा दुभाषी, ह्याच मुलखांतला मनुष्य, मान खालीं घालोन मराठींत म्हणाला, "साहेबबहादूर म्हणतात कीं, राणीसाहेब श्रमल्या. राज्याचा भार त्यांनीं हलका करावा, इतकीच विनंति. रुकार द्यावा."

बाईसाहेबांनीं साहेबाचें बोलणें जीव कानांत आणोन ऐकिलें होतें. त्यांत एक शब्द वारंवार आला, रेलिन्क्विश. शिकल्या होत्या इतकें आठवलें, कोणत्या सकाळीं तेंही आठवलें, परंतु अर्थ कांहीं केल्या आठवेना. शिकलेले सारे शब्द, बार उडतांच झाडावरील पांखरें जावीं तैसे गेले. उत्तरें सारीं गेलीं, प्रश्न मात्र राहिले. पडद्याशीं अंताजीपंत कुजबुजले, "यस म्हणावें, बाईसाहेब, तोफा आहेत." साहेबानें घड्याळ काढिलें.

तेव्हां पडद्याआडून आवाज आला, आणि तो कांपत होता, हें सर्वांनीं ऐकिलें. "रेलिन्क्विश. मीनिंग?"

साहेब चमकला. परंतु बरोबर त्याचे गोरे अंमलदार बसले होते, आणि एक स्त्री अदबीनें अर्थ पुसते, तिला नाहीं म्हणणें शोभेना. हंसोन म्हणाला, "टु गिव्ह अप, मॅडम." बाईसाहेब म्हणाल्या, "दुभाष्या, मोठ्यानें सांग." दुभाष्यानें सांगितलें, "सोडून देणें." दरबारांत वारें फिरलें. साहेब पुढें कांहीं बोलणार, तों पुन्हा आवाज आला, "सिनोनिम?" साहेब हलक्या आवाजांत म्हणाला, "सरेंडर." हा शब्द कोणास उलगडून सांगावा लागला नाहीं. जुने गडकरी तो तोफांच्या धुरांत ऐकोन होते. हैबतरावांचा हात तरवारीच्या मुठीवर गेला, मागील बारगीर एक पाऊल पुढें सरले, आणि गोऱ्यांनींही आपल्या कमरा चांचपल्या. एक क्षण ऐसा गेला कीं, कोणी शिंकता तर रक्त वाहतें.

"हैबतराव, हात खालीं," बाईसाहेब म्हणाल्या, आणि मग तिसरा प्रश्न केला, "अपोझिट?"

साहेबाचें तोंड लाल जाहलें. उत्तराऐवजीं घड्याळ खिशांत घालूं लागला. इतक्यांत त्याचाच एक तरुण अंमलदार, शाळेची संवय म्हणोन कीं काय, बोलोन गेला, "रिटेन." साहेबानें त्याजकडे ऐसें पाहिलें कीं तो खुर्चींत खचला. या वेळीं दुभाष्यानें मान वर केली, आणि न सांगतांच खणखणीत म्हणाला, "राखणें."

बाईसाहेब बोलल्या, "तो शब्द आम्हांस मंजूर. साहेबांनीं आमचें उत्तर स्वमुखें मागितलें होतें. लिहून घ्यावें."

साहेब पानसुपारी न घेतां उठला. सारा दिवस तोफा तशाच मांडलेल्या होत्या, आणि वाड्यांत चूल पेटली नाहीं, कारण धूर पाहोन नेम धरतील ऐसें कोणी म्हणालें. बाईसाहेब रूथबाईचा हात धरोन बसल्या. मध्यें जाजम मोकळें सोडावयाचें, हें त्या दिवशीं कोणास सुचलें नाहीं. कोणी कोणास शब्द पुसला नाहीं. दुसरे दिवशीं पलटणी नदी उतरोन गेल्या. सलामीची एकही तोफ उडाली नाहीं, तरी लोक संध्याकाळपर्यंत कान झांकोन होते.

तात्पर्य, बाईसाहेब होत्या तोंवर राज्य राहिलें, आणि भयही राहिलें. दर होळीस नदीकडे पाहात. दुभाषी चाकरीवरून दूर जाहला, त्यास बाईसाहेबांनीं पदरीं ठेविलें. रूथबाई वाड्यांत मुलींस शिकवीत राहिली, आणि उपाध्ये रुसलेले ते रुसलेच. पुढें बाईसाहेब वारल्या, त्याच पंधरवड्यांत टोपीकर आले आणि राज्य खालसा केलें. त्या खेपेस दरबार भरविला नाहीं, भाषण केलें नाहीं, आणि कोणास कांहीं पुसलें नाहीं. इतकेंच वर्तमान. जें ऐकिलें तें लिहिलें, जें कळलें नाहीं तेथें लेखणी थांबविली.